हिरवळ गेली, आता पिवळ्या फुलांचं बुटकं काय लावू? (कोल्हापूर)

कळंबेकरीण | 12 मे, सकाळी 9:40

नमस्कार मंडळी. कळंब्याच्या बाजूला आमचं बैठं घर आहे. पुढं साधारण 12 बाय 18 फुटांचा मातीचा तुकडा. घर बांधलं तेव्हा हौसेनं विकतची हिरवळ अंथरली, सतरंजी उलगडावी तशी. दोन वर्षं दृष्ट लागावी अशी होती. मग पाणी एक दिवसाआड झालं, त्यात कापायला येणारा मामा गावी गेला तो गेलाच. आता निम्म्यात हरळी, निम्म्यात लव्हाळा आणि मधे टक्कल.

निम्मा तुकडा आंब्याच्या सावलीत, निम्मा रखरखीत उन्हात. माती काळी, पण बांधकामाचं डबर मिसळलेली. घरात चार वर्षांचं पोरगं, ते दिवसातून दहा वेळा तिथं लोळतं. सासूबाईंची अट अशी की देवाला चार फुलं मिळाली पाहिजेत. माझी अट: घोट्याच्या वर जाऊ नये, वर्षानुवर्षं टिकावं, दर हंगामाला बी पेरत बसायला लागू नये.

एका नर्सरीत विचारलं, तर त्यांनी एक पिवळ्या फुलांची पसरणारी वेल दाखवली. म्हणाले, "पिवळा भृंगराज, औषधी आहे, लावा आणि विसरा." 15 रुपयाला पिशवी. माझ्या नवऱ्यानं विचार न करता 20 पिशव्या उचलून आणल्या, त्यातल्या 8 काल कंपाउंडच्या कडेनं लावून पण टाकल्या. उरलेल्या 12 लावू का थांबू? ह्याच्यापेक्षा बरं काही आहे का?

---

तांबडा_पांढरा | 12 मे, सकाळी 9:52

पिवळी फुलं, बुटकं, कमी पाणी? भुईमूग लाव की. फुलं सासूबाईंना, शेंगा पोराला, वेल गल्लीतल्या म्हशीला. विषय कट.

---

उसाचं_कांडं | 12 मे, सकाळी 10:15

लावा बिनधास्त. माझ्या मळ्यातल्या घराच्या बांधावर आठ वर्षं आहे. पाणी नाही, खत नाही, औषध नाही. पावसात बांध ढासळायचा, तो आता हलत नाही. बारा महिने फूल. मधमाशा असतात, फुलपाखरं असतात. लोक उगाच नाकं मुरडतात. फुकट मिळतं म्हणून किंमत नाही. नर्सरीवाल्यानं 15 रुपये घेतले हे मात्र जास्त झालं, मी घमेलंभर फुकट दिलं असतं.

---

कुंडलीतली_मोगरा | 12 मे, सकाळी 10:31

पुण्यात रस्त्याच्या दुभाजकावर जे असतं तेच ना हे? मला तर आवडतं बाई.

---

झाडांचे_मास्तर | 12 मे, सकाळी 11:20

कळंबेकरीण ताई, थांबा. पिशवीतल्या रोपाचं पान नीट बघून सांगा. एकच नको, पाचसहा पानं बघा. पानाला दोन्ही बाजूंनी खांदे फुटल्यासारखी दोन टोकं आणि मधलं एक, अशी तीन टोकं आहेत का? की पान साधं, लांबट, भाल्यासारखं आहे?

ह्या दोन्ही झाडांना बाजारात एकाच नावानं विकतात, म्हणून विचारतोय. लांबट पानाचा तो आपला पिवळा माका, ओढ्याकाठी ओलीत येणारा. जुने वैद्य त्याला पीत भृंगराज म्हणायचे. तीन टोकांचा तो वेडेलिया. मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. वेडेलिया हे नाव सतराव्या शतकातल्या गेऑर्ग वोल्फगांग वेडेल ह्या जर्मन वैद्याच्या नावावरून पडलं. शास्त्रज्ञांनी नंतर झाडाचं नाव बदलून स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा केलं, पण नर्सरीत अजून वेडेलियाच चालतं. ट्रायलोबाटा म्हणजे तेच, तीन पाळ्यांचं.

आणि केसांच्या तेलात घालतो तो माका ह्या दोघांपेक्षा वेगळा. त्याचं फूल पांढरं, बटणाएवढं.

---

कळंबेकरीण | 12 मे, दुपारी 1:05

सर, आत्ता बाहेर जाऊन बघितलं. पानं जाड, वरून चकचकीत, हाताला जरा खरखरीत. बहुतेक पानांना तीन टोकं स्पष्ट आहेत. अगदी कोवळ्या दोन पानांना नव्हती. फूल पाच रुपयाच्या नाण्याएवढं, पाकळीचं टोक कातरल्यासारखं. आणि एक गोष्ट: पिशवीबाहेर लोंबलेल्या दांड्याला हवेतच पांढरी मुळं सुटलीयत, उसाच्या कांडीला पेरापाशी फुटतात तशी.

---

झाडांचे_मास्तर | 12 मे, दुपारी 1:30

मग वेडेलियाच. हवेत सुटलेली मुळं हीच ह्याची सगळी गोष्ट आहे. बी हे फारसं धरत नाही, सगळा कारभार कांडीवर. बोटभर तुकडा ओल्या मातीवर पडला की झालं नवं झाड. जगातल्या सगळ्यात उपद्रवी परक्या प्रजातींची शंभर नावांची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी काढली आहे, त्यात ह्याचं नाव आहे. आपल्याला माहीत असलेली घाणेरी, रानमोडी आणि केंदाळ म्हणजे जलपर्णी ही त्याच यादीतली भावंडं.

---

उसाचं_कांडं | 12 मे, दुपारी 2:10

मास्तर, ती यादी मी पण बघितली. त्यात शेळी पण आहे. मांजर आहे, साळुंकी आहे. आता काय, कोल्हापुरात मटण बंद करायचं?

आणि परकं परकं काय लावलंय. मिरची अमेरिकेतनं आली, टोमॅटो आला, बटाटा आला. तांबड्या रश्श्यातली मिरची काढली तर उरतंय काय, पांढराच.

---

तांबडा_पांढरा | 12 मे, दुपारी 2:14

माझ्या नावाला हात लावायचा नाही.

---

झाडांचे_मास्तर | 12 मे, दुपारी 3:02

कांडंराव, मुद्दा रास्त आहे. परकं असणं हा गुन्हा नाहीच. पण मिरची कधी कुंपण ओलांडून ओढ्यात गेली नाही. तिला आपण लावली नाही तर ती दोन वर्षांत दिसेनाशी होईल. शेळीसुद्धा दाव्याला आहे तोवर शेळी, मोकाट सुटली की बेट उजाड करते, म्हणून ती यादीत आहे. वेडेलियाला दावं नाही. तुमच्या बांधावर पलीकडच्या शेतकऱ्यानं आणि नांगरानं त्याला रोखून धरलंय. ओढ्याच्या काठावर कोण रोखणार?

---

शुक्रवारातला | 12 मे, संध्याकाळी 6:45

मास्तरांच्या शेवटच्या वाक्यावर माझी साक्ष घ्या.

आमचं घर पूररेषेच्या आत. मागं परडं, त्यात माझ्या आईनं लावलेला वेडेलिया. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी परड्यात सहा दिवस होतं. उतरल्यावर गुडघाभर गाळ. गुलाब गेले, शेवगा गेला, मोगरा गेला. गाळ काढायला मुहूर्त मिळेना, तोवर तिसऱ्या आठवड्यात चिखलातून पहिलं हिरवं वर आलं ते हे. आईला तेव्हा त्याचं कोण कौतुक. मला पण बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सगळं घर भिजलेलं, गाद्या गच्चीत, आणि परड्यात एक पिवळं फूल.

2021 च्या जुलैत परत तेच. पण ह्या वेळी पाणी उतरल्यावर मी मागच्या नाल्याच्या कडेनं चालत गेलो, तर आमच्या भिंतीपासून खाली पन्नास-साठ फूट ठिकठिकाणी तेच. पुरानं तुकडे नेले आणि काठाला रुजवले. आधी तिथं अळू असायचं, थोडी ब्राह्मी असायची, आजी तिथनं आणायची. आता ते दिसत नाही. आमच्या एका परड्याचा हा हिशोब. जयंती नाला गावाच्या मधून जाऊन नदीला मिळतो, त्याच्या कडेला परडी किती, मोजा.

---

उसाचं_कांडं | 12 मे, संध्याकाळी 7:20

हे मला माहीत नव्हतं. माझा बांध उंचावर आहे, पाणी येत नाही. तरीपण माझं म्हणणं, कंपाउंडच्या आत असंल तर चालतंय.

---

पन्हाळकरीण | 12 मे, रात्री 8:05

चालत नाही दादा. आमच्या सोसायटीत माळी दर महिन्याला कडा कापतो आणि कापलेलं पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या उताराला टाकतो. आता तो उतार म्हणजे वेडेलियाची शाखा क्रमांक दोन. कंपाउंडच्या आत ठेवणं आपल्या हातात असतं हा गैरसमज, ते माळ्याच्या हातात असतं.

---

मायाकाकू_राजारामपुरी | 12 मे, रात्री 9:30

अगं मुली, तू एवढं विकत कशाला आणतेस? तुझ्या त्या टकलात आंबुशी आपोआप आली नसेल तर मी नाव बदलीन. बुटकी, पिवळ्या फुलांची, बारमाही, फुकट. तीन बदामांचं पान. सकाळी उन्हाला फूल उघडतं, संध्याकाळी मिटतं. आमच्याकडं तुळशीवृंदावनाभोवती आहे, मी कधी उपटू देत नाही.

आंबुशीची चटणी करून बघ. दोन मुठी पाला नीट निवडायचा, धुऊन निथळायचा. तव्यावर चार हिरव्या मिरच्या, लसणीच्या पाकळ्या आणि शेंगदाणे भाजून घ्यायचे, जिरं, मीठ, आणि शेवटी पाला नुसता फिरवून उतरवायचा. खलबत्त्यातच कुटायची, मिक्सरला पाणी सुटतं. भाकरीबरोबर जिभेला झणका बसतो. चिंच लागत नाही.

आणि पितळेची समई, तांब्या, ताम्हण ह्या पाल्यानं घासायची. आम्ही लहानपणी दिवाळीच्या आधी टोपलीभर गोळा करायचो.

---

डॉक्टर_पण_बागेतला | 12 मे, रात्री 9:48

काकू, चटणी चवीपुरती ठीक. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र लांब राहावं. ज्या ऑक्झॅलिक आम्लानं समई लख्ख होते तेच पोटात जातं.

---

मायाकाकू_राजारामपुरी | 12 मे, रात्री 9:55

हो रे बाबा. आमच्या ह्यांना मी देतच नाही.

---

पंखवेडा | 12 मे, रात्री 10:20

आंबुशीला माझं पण मत. जमिनीलगत उडणारी नखाएवढी फिकट निळी फुलपाखरं बघितलीत? त्यातल्या एका जातीची मादी आंबुशीच्या पानावरच अंडी घालते, अळ्या तेच खाऊन वाढतात. आंबुशी उपटली की ती पण गेली. वेडेलियावर फुलपाखरं मध प्यायला येतात, हे कांडंरावांचं बरोबर. पण हॉटेल वेगळं आणि बाळंतघर वेगळं.

---

कळंबेकरीण | 13 मे, सकाळी 8:15

काकू, तुमचं नाव शाबूत आहे. आहे आंबुशी, आंब्याखाली. पण उन्हाच्या बाजूला मे महिन्यात करपून नाहीशी होते आणि पोरगं लोळलं की चेंदामेंदा. सगळा तुकडा तिच्यावर सोडता येणार नाही असं दिसतंय.

सासूबाईंनी धागा वाचायला घेतलाय. त्यांचा प्रश्न: "हे सगळं लावल्यावर दाट होऊन साप बसेल का?"

---

तांबडा_पांढरा | 13 मे, सकाळी 8:40

बसला तर बत्तीस शिराळ्याला कळवा.

---

पन्हाळकरीण | 13 मे, सकाळी 9:10

थट्टा सोडा. गुडघाभर वाढलेल्या वेडेलियात उंदीर-बेडूक राहतात आणि त्यांच्या मागं साप येतो, हे आम्ही बघितलंय. घोट्याएवढं राखलं आणि खाली जमीन दिसत असली तर भीती कमी. पोरगं लोळणार असेल तर हा मुद्दा फुलांच्या आधी.

---

मातीत_हात | 13 मे, सकाळी 11:35

मी बागा करून देण्याचंच काम करतो, वीसेक वर्षं. नर्सरी नाही माझी, त्यामुळे विकायला काही नाही.

तांबडा_पांढरानं पहिल्याच प्रतिसादात चेष्टेत जे लिहिलंय ना, उत्तर त्याच्या जवळच आहे. भुईमुगाचा एक बारमाही भाऊ आहे, अरॅकिस पिंटोई. नर्सरीत पिंटो पीनट म्हणून मागा. 1954 साली ब्राझीलमध्ये जेराल्दो पिंतो ह्या माणसानं तो पहिल्यांदा गोळा केला, त्याच्यावरून हे नाव. पान हुबेहूब भुईमुगाचं, चार पानांची जोडी. फूल पण तेच, पिवळं, टाचणीवर फुलपाखरू बसवल्यासारखं. पण झाड वर येत नाही, जमिनीला चिकटून सरकत जातं. उघड्यावर वीतभराच्या आतच राहतं, तुडवत राहिलं तर आणखी बुटकं. परदेशात केळीच्या, कॉफीच्या बागेत खाली अंथरायला वापरतात, म्हणजे सावलीचं वावडं नाही. तुमच्या आंब्याखाली फुलं कमी येतील, पण हिरवं राहील.

संध्याकाळी त्याच्याजवळ बसून बघा. दिवस कलला की पानं दोन-दोन हात जोडून मिटतात आणि अख्खा वाफा रंग बदलतो. सकाळी परत उघडतात. माझ्या एका गिऱ्हाइकानं पहिल्या दिवशी घाबरून फोन केला होता, "झाड मेलं."

आता लावायचं कसं. सगळ्यात आधी हरळी आणि लव्हाळा. हे न करता काहीही लावलंत तर पैसे पाण्यात. एक वळीव पडू दे, वाफसा आला (माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाली) की कुदळीनं वीतभर खोल खणा, हरळीची मुळी आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचा. पंधरा दिवस तसंच तापू द्या, जे परत उगवेल ते परत वेचा. लव्हाळा एका वेळेत जात नाही, जातो म्हणणारा खोटं बोलतो. डबर निघेल तेवढं काढा. मग घमेलं-दोन घमेली शेणखत. युरिया अजिबात नको. हा पण शेंगवर्गातला, मुळावरच्या गाठीतनं नत्र स्वतःचं स्वतः करतो.

मृग लागला की मुळं असलेल्या कांड्या नऊ-नऊ इंचांवर. पहिले तीन महिने भांगलण तुमची, झाडाची नाही. दर आठवड्याला खुरपं घेऊन बसायचं. ह्याला आळस केला की लोक मग मला म्हणतात तुमचं झाड चांगलं नव्हतं. एकदा जमीन झाकली की तण दबतं, काम संपलं. उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा पाणी बास. थंडीत जरा सुस्तावतं, फुलं कमी होतात, घाबरू नका.

आणि पोरगं रोज क्रिकेट खेळणार असेल तर ते हरळीवरच खेळू दे. हे चालणं-लोळणं सोसतं, बॅटिंग सोसत नाही.

---

तांबडा_पांढरा | 13 मे, सकाळी 11:41

मी काय म्हणालो होतो? मी काय म्हणालो होतो?

---

उसाचं_कांडं | 13 मे, दुपारी 12:20

पिंटो पण ब्राझीलचाच की हो. मास्तर, आता?

---

झाडांचे_मास्तर | 13 मे, दुपारी 12:45

आता दावं बघायचं. हा पण कांड्यांनी सरकतो, पण तुटलेला तुकडा पडेल तिथं वेडेलियाच्या जोमानं रुजत नाही. तरी ओढ्याकाठी मी हाही लावणार नाही. आणि आपला भुईमूग तरी कुठला? तोही दक्षिण अमेरिकेतूनच आला आणि आपल्या शेतात राहिला. कडेला विटेची एक ओळ उभी पुरा, वर्षातून दोनदा कडा कापा, कापलेलं उन्हात वाळवा.

---

गडहिंग्लजचा_गडी | 13 मे, दुपारी 3:30

मातीत_हात दादांनी दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. भुईमूग लावणाऱ्याला दोन्ही पाठ असतात, म्हणून मी सांगतो.

एक, हुमणी, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी अळी. ऊस आणि भुईमूग ही तिची जेवणाची ताटं, पिंटोलाही सोडेल असं मला वाटत नाही. वळीव पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतनं निघतात आणि बाभळी-कडुनिंबावर बसून पाला खातात. तेव्हाच फांद्या हलवून पाडायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. गावात आम्ही सगळी पोरं बॅटऱ्या घेऊन हेच करायचो. मादीनं अंडी घातल्यावर मग मुळं खाल्ल्याशिवाय कळत नाही. वाफ्याचा एखादा पट्टा अचानक सुकला आणि झाड ओढल्यावर अलगद हातात आलं तर खाली इंग्रजी सी अक्षरासारखी पांढरी अळी मिळणार. शेणखत कच्चं घातलं तर अळ्या खतातनंच येतात. त्यामुळे कुजलेलंच घ्या, चाळून, अळ्या वेचून. ह्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशीची पावडर मिळते, ती खतात मिसळली तर बरं.

दोन, डबर. चुना मिसळलेल्या जमिनीत भुईमूग पिवळा पडतो. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. लोह मिळत नाही म्हणून. पाणी कमी म्हणून लोक आणखी पाणी घालतात आणि बिघडवतात. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात एक-दोन लिंबं पिळून संध्याकाळी फवारायचं. आधी एका कोपऱ्यावर मारून बघा. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. आमच्या बायकोनं अजून माफ केलेलं नाही.

---

मातीत_हात | 13 मे, दुपारी 4:05

गडी, शंभर टक्के. हिराकसचं मी विसरलो होतो. बांधकाम झालेल्या अंगणात हे होतंच.

---

नवीन_भरती | 14 मे, सकाळी 10:00

मसाई पठारावर सप्टेंबरात पिवळी सोनकी येते ती खणून आणून लावली तर? फुकटात होईल.

---

झाडांचे_मास्तर | 14 मे, सकाळी 10:25

नको रे बाबा. सोनकी दोन-अडीच महिन्यांची पाहुणी, बी टाकून मरते. ताईंना बारमाही हवंय. शिवाय ती कातळावरच्या बोटभर मातीची, काळ्या जमिनीत आणि नळाच्या पाण्यात तिचं मन रमणार नाही. तू खणून आणशील, ती मरेल, आणि पुढच्या वर्षी तिथं तिचं बी पडणार नाही. सप्टेंबरात जा, बघ, फोटो काढ, शेंगा खा, ये.

---

मायाकाकू_राजारामपुरी | 14 मे, दुपारी 12:10

एक राहिलं. सगळी हरळी काढून टाकू नका हं. गणपतीत एकवीस दुर्वांची जुडी विकत आणायला लागली की माझा जीव जळतो. एका कोपऱ्यात घमेल्याएवढी जागा ठेव, तिथं पायपुसणं-चप्पल काही जाऊ देऊ नकोस.

---

कळंबेकरीण | 14 मे, रात्री 9:00

सगळ्यांचे आभार. निर्णय: लावलेला वेडेलिया काढायचा, 12 पिशव्या परत (नर्सरीवाला घेईल असं वाटत नाही), मृगावर पिंटो. आंब्याखालची आंबुशी आहे तशी. काकूंसाठी दुर्वांचा कोपरा. सासूबाई म्हणाल्या, "त्या काकूंना माझा नमस्कार सांग."

---

कळंबेकरीण | 9 नोव्हेंबर, सकाळी 10:20

सहा महिन्यांनी परत आलेय. धागा वर काढल्याबद्दल कुणी रागावू नका.

आधी वेडेलियाचं. फक्त 8 रोपं, तीही चार दिवसांची, म्हणून मी निर्धास्त होते. उपटली, मोजून 8. जूनच्या पहिल्या पावसानंतर बघते तर 11 ठिकाणी फुटलंय. उपटताना तुटलेली कांडी खाली राहिली होती. मग प्रत्येक पेर बोटांनी माती चाळून शोधलं. ऑगस्टात दोन मिळाले, परवा एक. नर्सरीवाल्यानं पिशव्या घेतल्या नाहीत, उलट मलाच सांगितलं, "मॅडम, कुणी तक्रार केली नाही आजवर." सगळं गच्चीच्या पत्र्यावर टाकलं. कांडंराव, तुम्हाला सांगते, मे महिन्यातल्या पत्र्यावर नवव्या दिवशीसुद्धा एका कांडीचं पोट हिरवं होतं. तिसऱ्या आठवड्यात वाळून खडखडीत झालं तेव्हा बंबात घातलं.

पिंटो 15 जूनला लावला. जुलैभर मी खुरपं घेऊन पावसात बसलेली असायचे, शेजारणी विचारायच्या शेतात कामाला जातेस का. लव्हाळा अजून आहे. ऑगस्टच्या शेवटी उन्हाच्या बाजूचा एक पट्टा पिवळा पडला, गडहिंग्लजच्या गड्यानं सांगितलं तसाच, शिरा हिरव्या. हिराकस दोनदा फवारला, पंधरा दिवसांत फरक. आणि हो, फरशीवर डाग पडला. तीन. नवऱ्याला सांगितलं पोरानं चिंच सांडली.

आता उन्हाकडचा भाग सगळा झाकलाय. आंब्याखाली अजून मधेमधे जमीन दिसते, तिथं आंबुशी आणि पिंटो एकमेकांत शिरलेत, मी सोडवत नाही. सकाळी उन्हाच्या बाजूला चाळीस-पन्नास फुलं असतात, दुपारपर्यंत माना टाकतात. सासूबाई आठच्या आत खुडून घेतात. देठ इतका नाजूक की परडीत पाण्यावर तरंगत ठेवावी लागतात. त्यांचं आधी म्हणणं होतं की झेंडूची सर नाही. हल्ली काही म्हणत नाहीत.

पोराला संध्याकाळी पानं मिटतात हे कळल्यापासून तो रोज साडेसहाला वाफ्याला "गुड नाइट" म्हणून येतो.

काल सासूबाईंनी एक दांडा उचलून खाली बघितलं आणि मला हाक मारली. जमिनीत आऱ्या, म्हणजे शेंग धरणारे दांडे, सुटल्यात. एक उकरली तर टोकाला बारकी शेंग, आत एकच दाणा.

---

तांबडा_पांढरा | 9 नोव्हेंबर, सकाळी 10:24

12 मे, सकाळी 9:52 चा माझा प्रतिसाद परत एकदा वाचावा ही विनंती. म्हशीचं तेवढं राहिलं.

---

उसाचं_कांडं | 9 नोव्हेंबर, दुपारी 1:15

तीन आठवडे पत्र्यावर? आमच्या बांधाकडं आज जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. खालच्या चारीपर्यंत गेलंय, मी कधी खाली उतरून बघितलंच नव्हतं. ताई, कडा कापाल तेव्हा पिंटोच्या घमेलंभर कांड्या ठेवा, मी कळंब्याला येतोच आहे पुढच्या आठवड्यात.

---

कळंबेकरीण | 9 नोव्हेंबर, दुपारी 1:40

ठेवते. येताना कुजलेलं शेणखत आणा एक पोतं. चाळून.